आधण आधी, कार्यक्रम नंतर: जुन्या गुऱ्हाळावरच्या लोककला महोत्सवाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

करवीर तालुक्यातलं भोगावतीकाठचं एक गाव. गावाचं आणि माणसांची नावं इथं मुद्दाम दिलेली नाहीत. पाणंदीच्या तोंडाला तीन भावक्यांच्या सामाईक मालकीचं जुनं गुऱ्हाळघर आहे. अंगणात बैलांनी ओढायचा उभा लोखंडी चरक (ऊस पिळायचं यंत्र) गंजत उभा आहे. छपराखाली नंतर बसवलेला आडवा चरक, जो आधी ऑइल इंजिनावर चालायचा आणि आता विजेच्या मोटारीवर चालतो. दगडी चुलवाण, म्हणजे रस शिजवायची मोठी चूल, मात्र पहिल्यापासून तेच आहे.

कोल्हापूर आणि गूळ हे नातं बाजारपेठेनं बांधलेलं आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, तिथं गुळाचा व्यापार वाढला आणि आसपासच्या गावांत गुऱ्हाळं धडधडू लागली. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी गुऱ्हाळं एकेक करून बंद पडतच राहिली. कारखाना ऊस तोडून नेतो आणि बिल खात्यावर जमा करतो. गुऱ्हाळाला लागतात माणसं, तीही पहाटे उठून आगीपुढं उभी राहणारी. त्यातच साखर मिसळून केलेला स्वस्त गूळ बाजारात येतो, त्याच्याशी दराची बरोबरी करायची कशी?

या गुऱ्हाळाची थोरली भावकी अजून दिवाळीनंतर चुलवाण पेटवते. मधल्या भावकीचा ऊस कारखान्याला जातो. धाकटी पुण्यात स्थायिक आहे. थोरल्या घरातला एक इंजिनिअर मुलगा, गावातले दोन शिक्षक आणि एक निवृत्त ग्रामसेवक यांच्या डोक्यातून महोत्सवाची कल्पना निघाली: हंगाम ऐन भरात असताना, जानेवारीत, शनिवार-रविवार गुऱ्हाळावर लोककला ठेवायची, शहरातली माणसं बोलवायची, गूळ तिथल्या तिथं विकायचा. शाहिरी, धनगरी गजी (ढोलाच्या तालावरचा धनगरांचा नाच), हलगी, सोंगी भजन, जात्यावरच्या ओव्या. यातलं काहीच बाहेरून आणायला नको होतं, सगळं पंचक्रोशीतच होतं.

पहिल्या वर्षी काय झालं

गर्दी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आली. प्रायोजकानं स्टेज दिलं, स्टेजबरोबर साउंड सिस्टीम आली आणि ती छपरापासून हाकेच्या अंतरावर लागली. पाणंदीत गाड्यांची रांग, चरकाला टेकून फोटो, काहिलीसमोर (रस शिजवायच्या मोठ्या कढईसमोर) रील.

शनिवारी दुपारचं आधण, म्हणजे एका वेळी काहिलीत शिजवायला घेतलेला रस, बिघडलं. का बिघडलं हे समजून घेतल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत, म्हणून इथं थोडं थांबतो.

काहील असते वर, छपराखाली. चुलवाणाचं तोंड असतं मागच्या अंगाला, खाली खड्ड्यात. चिपाड (पिळलेल्या उसाचा वाळलेला चोथा) सारणारा माणूस तिथं बसतो, त्याला काहील दिसत नाही. गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराला, काहील दिसते, जाळ दिसत नाही. दोघांमधला दुवा म्हणजे गुळव्याची हाक. सुरुवातीला, मळी (रसातला मळकट फेस) वर येईपर्यंत, फार हाका लागत नाहीत. भेंडीचं पाणी टाकलं, मळी काढली, रस निवळला की जाळ वाढवायचा. शेवटच्या टप्प्यात मात्र हाका वाढतात. पाणी उडून जातं, बुडबुडे लहान होतात, खळखळ थांबून फदफद सुरू होते. गुळव्या डोळ्यांनी जेवढं बघतो तेवढंच कानांनी ऐकतो. अदमास आला की पाक पाण्यात टाकून गोळी वळून बघतो आणि ओरडतो, "जाळ वड!" त्या हाकेला दोन मिनिटं उशीर झाला तरी गूळ करपतो.

त्या दुपारी हाक गेलीच नाही, म्हणजे गुळव्यामामांनी दिली, पण स्टेजवर त्याच वेळी भारी वाजत होतं. पोराला पिटाळलं तोवर वास सुटला होता. मामा फडकं खांद्यावर टाकून बाहेर आले आणि संयोजकांना म्हणाले, "पावणं, एक तर तुमचं वाजवा, न्हाईतर माझं शिजू द्या. दोन्ही हुईत न्हाई." आणि घरी निघून गेले. रविवारी चुलवाण पेटलंच नाही. गुऱ्हाळ बघायला आलेली माणसं बंद गुऱ्हाळासमोर नाच बघून परतली.

शनिवारीच, मामा घरी जाण्याआधी, आणखी एक गोष्ट होता होता राहिली. आधण उतरवताना एक लहान मूल मोबाईलवाल्या बापाच्या हातातून सुटून गूळ थंड करायच्या वाफ्याच्या कडेपर्यंत गेलं. कुणीतरी दंडाला धरून ओढलं. गूळ उतरतो तेव्हा पाक ११५ ते ११८ अंशांवर असतो. तो उकळत्या पाण्यापेक्षा गरम असतो आणि वर चिकट, त्यामुळं अंगावर पडला तर झटकता येत नाही.

खरी अडचण कुठं होती

बैठकीत पहिल्यांदा चर्चा झाली ती गर्दीची, पार्किंगची आणि प्रायोजकाच्या बॅनरची. माझ्या मते हे वरवरचं होतं. समितीनं गुऱ्हाळाला पडदा मानलं होतं: पुढं कार्यक्रम, मागं गुऱ्हाळ. पण पहाटेपासून तिथं माणसं राबत असतात आणि त्यांच्या कामाचं वेळापत्रक रस ठरवतो. कार्यक्रमपत्रिकेत मात्र "सकाळी ११ वा. उद्घाटन, दुपारी २ वा. गुऱ्हाळ दर्शन" असं छापलेलं होतं. दोनला काहिलीत काय अवस्था असेल हे छापणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

दुसरी अडचण हलगीची. तिच्याबद्दल उघडपणे कुणी बोलत नव्हतं. पहिल्या वर्षी शहरातून आलेल्या नृत्यपथकाला पाकीट मिळालं. गावातल्या हलगी-घुमकं-कैताळ वाजवणाऱ्यांना नारळ आणि टॉवेल. पत्रिकेवर पथकाचं नाव ठळक, हलगीवाल्यांचा उल्लेख "पारंपरिक वाद्यांच्या गजरात" एवढाच. दुसऱ्या वर्षीच्या तयारीला त्यांच्यातल्या तरुणांनी सरळ सांगितलं की असं असेल तर आम्ही येणार नाही. एक ज्येष्ठ म्हणाले, "आरं, गावकीचं काम हाय, त्येचं काय पैसं मागायचं?" त्यावर हलगीवाल्या पोरांपैकी एकजण शांतपणे म्हणाला, "आण्णा, स्टेजवाल्यांचं बी गावकीतच धरा मग."

ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतनं, म्हणजे वतनाच्या बदल्यात गावची कामं करण्याची पिढीजात सक्ती, रद्द केली, तिथं शंभर वर्षांनंतरही फुकटच्या कामाला परंपरा म्हणण्याची सवय सुटलेली नाही, हे लिहिल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही.

तिसरी अडचण भावकीची. मधल्या भावकीला पहिल्या वर्षी विचारलंच नव्हतं. सामाईक जागेत स्टेज घातल्याबद्दल त्यांनी तोंडी हरकत घेतली, आणि ती रास्त होती.

समोर असलेले पर्याय

चार पर्याय चर्चेला आले.

पहिला, महोत्सव बंद करायचा. गुळव्यामामा याच बाजूचे होते आणि त्यांचं म्हणणं बिनतोड होतं: एका करपलेल्या आधणाचं नुकसान महोत्सवात विकलेल्या काकवीच्या बाटल्यांनी भरून निघालं नव्हतं.

दुसरा, कार्यक्रम शाळेच्या पटांगणात न्यायचा आणि गुऱ्हाळावर लोकांना गटागटानं फिरवून आणायचं. सुरक्षेच्या दृष्टीनं हा सगळ्यात सरळ. पण मग हा कुठल्याही गावातला कुठलाही सांस्कृतिक कार्यक्रम झाला असता. शिक्षकांचा ओढा इकडं होता.

तिसरा, हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, थंड चुलवाणाशेजारी महोत्सव घ्यायचा. जागा मोकळी, धोका नाही, हवं तेवढं वाजवा. प्रायोजकाला हा फार आवडला. त्यानं चरकाला ऑइलपेंट मारून देण्याचीही तयारी दाखवली. इंजिनिअर मुलगा एरवी गप्प बसणारा, इथं तो म्हणाला, "मग पुतळाच उभा करूया की गुळव्याचा, मामांना कशाला त्रास?" त्यानंतर हा पर्याय कुणी उचलून धरला नाही.

चौथा पर्याय मामांच्या एका वाक्यातून निघाला. त्यांना विचारलं होतं, की गाण्याचा त्रास होतो की आवाजाचा? ते म्हणाले, "गाण्याचा कशाला हुईल? पयलं लोकं गातच हुती की हितं." बैलांच्या चरकाच्या काळात रात्रभर घाणा चालायचा तेव्हा चरकाला ऊस लावणारा गायचा, बैल हाकणारा गायचा, शेजारच्या वस्तीवरचे शाहीर डफ-तुणतुणं घेऊन शेकायला यायचे आणि भेदिकाचे, म्हणजे गाण्यातल्या कोड्यांचे, सवाल-जवाब रंगायचे. गाणं आधणाच्या मधल्या वेळेत बसायचं. लाऊडस्पीकर नसल्यानं हाक आणि गाणं दोन्ही मावायचं.

म्हणून चौथा पर्याय: महोत्सव गुऱ्हाळावरच, पण वेळापत्रक आधणाचं. एक आधण उतरून काहील धुऊन पुन्हा रस भरेपर्यंतचा वेळ, आणि मळी निघेपर्यंतचा पहिला टप्पा, हा गाण्याचा. शेवटचा टप्पा सुरू झाला की सगळं बंद. छपराजवळ ध्वनिक्षेपक अजिबात नाही.

यात तोटे होते आणि ते बैठकीत मांडले गेले. घड्याळ नाही म्हणजे पाहुणे कधी बोलवायचे? माईक नाही म्हणजे मागच्याला ऐकू येणार नाही, म्हणजे गर्दी कमीच ठेवावी लागणार. गर्दी कमी म्हणजे प्रायोजक जाणार. तो गेलाही.

काय केलं

सगळ्यात आधी मधल्या भावकीच्या घरी जाऊन चहा घेतला. हे काम समितीतल्या कुणी नव्हे तर थोरल्या घरातल्या काकींनी केलं. त्यांच्या माहेरचं नातं होतं, त्यामुळं बोलणं झालं. वापराचा एक साधा लेखी करार तयार झाला: किती दिवस, कुठली जागा, नुकसान झालं तर कुणी भरायचं.

मग मानधन. सगळ्या कलाकारांना माणशी सारखी रक्कम, रोख नाही तर खात्यावर, आणि पत्रिकेवर प्रत्येकाचं नाव. शाहीर असो, हलगीवाला असो, टाळकरी असो. जेवणाची पंगत एकच. ज्येष्ठांपैकी दोघे त्या पंगतीला आले नाहीत. समितीनं त्यांची वाट बघितली नाही, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

जागांची वाटणी करताना कलेकडं नीट बघावं लागलं. धनगरी गजी म्हटलं की ढोल, कैताळ आणि भंडारा आलाच. भंडारा उधळला आणि वारा छपराकडं असला तर हळद थेट काहिलीत. म्हणून गजी पलीकडच्या खळ्यावर, छपराकडून वारा जिकडं वाहतो त्या बाजूला. बैलांच्या चरकाचं प्रात्यक्षिक सकाळी लवकर, हलगी सुरू व्हायच्या आधी, कारण हलगीचा कडकडाट अंगावर घ्यायची सवय शर्यतीच्या बैलांना असते, नांगराच्या नाही. गावात आता चरक ओढतील अशी शिकवलेली जोडी एकच उरली आहे.

जात्यावरच्या ओव्यांसाठी म्हाताऱ्या बायकांना स्टेजवर बसवायची कल्पना त्यांनीच हाणून पाडली. "माणसांम्होरं दळायला आमी काय शिनिमात हाय?" म्हणून थोरल्या घराच्या सोप्यात जातं मांडलं, पायली-दोन पायली खरंच दळायला दिलं, आणि ऐकायला फक्त बायकांना आत सोडलं. पुरुष पत्रकारांनी कुरकुर केली. करू दिली.

गोंधळाचं काय करायचं हा वेगळाच प्रश्न निघाला. एका सदस्याला संबळ आणि दिवटीचं दृश्य हवं होतं. गोंधळी म्हणाले की घट मांडला, देवी बोलावली तर गोंधळ; नाहीतर नुसतं वाजवणं, ते आम्ही करत नाही. गोंधळ पत्रिकेतून काढला.

बाकी कागदपत्रं नेहमीची: ग्रामपंचायतीचा ठराव, पोलीस ठाण्याला अर्ज, खाद्यपदार्थ विकणाऱ्यांची अन्नसुरक्षा नोंदणी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असतेच. खळ्यावर छोटा स्पीकर होता, तो त्याआधीच उतरवला. चिपाडाचा ढीग छपरापासून लांब हलवला, पाण्याचा टँकर चुलवाणाच्या बाजूला उभा केला. काहिलीभोवती बांबूचा कठडा, एका वेळी ठरावीकच माणसं आत, आणि मुलांचा हात धरून ठेवण्याची अट. दारावर उभं राहायला तालमीची पोरं. त्यांच्यापुढं वाद घालायला फारसं कुणी जात नाही.

पत्रिकेवर वेळा छापल्या नाहीत. छापलं ते असं: पहाटेचं आधण, बैलांचा चरक. दुसरं आधण चढल्यावर, शाहिरी. दुसरं आधण उतरल्यावर, हलगी. तिसरं चढल्यावर, सोंगी भजन. खाली एक ओळ: "आधणाला साधारण तीन तास लागतात, रस कसा आहे त्यावर."

परिणाम

दोन्ही दिवस चुलवाण पेटलं आणि सगळी आधणं नीट उतरली. गर्दी पहिल्या वर्षाच्या निम्मीही नव्हती, पण आलेली माणसं थांबली. आधण उतरायच्या वेळी मामांनी हात वर केला की शाहीर कडवं अर्धवट सोडून थांबायचे आणि सगळी माणसं काहिलीकडं वळायची. गोळी पाण्यात पडायची, मामा ती बोटांत दाबून बघायचे, "जाळ वड" ची हाक जायची, काहील उचलून पाक वाफ्यात ओतला जायचा, आणि मग शाहीर सोडलेल्या कडव्यापासून पुन्हा सुरू. हे कुणी बसवलेलं नव्हतं, पहिल्या दिवशी दुपारी आपोआप झालं. माझ्या मते दोन दिवसांतला सगळ्यात रंगलेला कार्यक्रम हाच.

सगळं गोड झालं असं नाही. शनिवारचा रस पातळ निघाला, दुसरं आधण लांबलं आणि हलगी ऐकायला शहरातून आलेली एक बस वाट बघून निघून गेली. त्यांनी नंतर लिहिलेले अभिप्राय बोचरे होते. प्रमुख पाहुणे आले तेव्हा शेवटचा टप्पा चालू होता, त्यामुळं त्यांना भाषणाविना बसावं लागलं. (याबद्दल गावात अजून आनंद व्यक्त होतो.)

गुळाच्या विक्रीत एक अनपेक्षित गाठ पडली. हा गूळ गडद तपकिरी. बाजारात पिवळ्याधमक गुळाला भाव, आणि तो रंग आणायला अनेक ठिकाणी रसायनं वापरतात. पाहुण्यांपैकी बरेच जण ढेप उलटसुलट करून विचारायचे, "काळा का हो इतका?" समोर रस, भेंडी, चुना, मळी सगळं बघूनही विचारायचे. शेवटी इंजिनिअर मुलानं वाफ्यातला गरम गूळ आणि शेंगदाणे हातावर द्यायला सुरुवात केली. त्यानंतर रंगाचा प्रश्न कमी झाला. गुळाचे रवे रविवारी दुपारीच संपले. काकवी उरली.

हिशेबात महोत्सव कसाबसा बरोबरीत सुटला. प्रायोजक नसताना आणि मानधन वाढलेलं असताना हे वाईट नाही, पण यातून छपराच्या दुरुस्तीला काही उरलं नाही, आणि मूळ उद्देशांपैकी एक तोच होता. हलगीच्या पथकाला मात्र त्यानंतर कोल्हापुरातल्या दोन-तीन कार्यक्रमांची मानधनासह बोलावणी आली. पत्रिकेवर नाव आणि फोन असल्याचा हा फायदा.

वेगळं काय करता आलं असतं

गुळव्यामामांना पहिल्या वर्षीच समितीत घ्यायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी घेतलं तेही सल्लागार म्हणून, सह्या करणाऱ्यांत नाही. ज्याच्या हाकेवर सगळा कार्यक्रम चालतो त्याची सही खर्चाच्या कागदावर नसावी, हे मला अजून खटकतं.

बसचा प्रसंग टाळता आला असता. रस काढतानाच मामांना अंदाज येतो की आधण लांबणार. तो अंदाज नोंदणी केलेल्यांना मोबाईलवर कळवायला एक माणूस पुरला असता. वेळ न छापणं बरोबर, पण वेळ न कळवणं बरोबर नाही. समितीनं या दोन्हींत गल्लत केली.

सारख्या मानधनाबद्दल अजून वाद आहे आणि तो निव्वळ मान-पानाचा नाही. शाहिरांचं म्हणणं, की चाळीस वर्षं गाणाऱ्याला आणि गेल्या वर्षी टाळ हातात घेतलेल्याला एकच रक्कम कशी? हा प्रश्न खरा आहे. पण पहिल्या वर्षीचा अन्याय कलेच्या तोलावर झाला नव्हता, जातीच्या उतरंडीवर झाला होता. ती उतरंड मोडल्याचं एकदा सगळ्यांना दिसल्यावर अनुभवाप्रमाणं फरक करता येईल. दुसऱ्याच वर्षी तो केला असता तर जुनीच रांग नव्या नावानं लागली असती.

मधल्या भावकीचा करार दोन वर्षांपुरताच आहे. मामांना गुडघ्याचा त्रास सुरू झालाय, त्यांचा मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो आणि काहिलीपुढं उभा राहायची त्याची तयारी नाही. थोरल्या घरातला इंजिनिअर या हंगामात सुट्टी काढून मामांच्या हाताखाली मळी काढायला उभा राहणार आहे. मामांनी होकार दिलाय, एका अटीवर: मोबाईल घरी ठेवून यायचं. तिसऱ्या वर्षीच्या महोत्सवाची तारीख हंगाम सुरू होऊन पहिली पाच-सहा आधणं उतरल्यावर ठरेल.